कपाटातली पुस्तकं बाहेर काढ

भिवंडी, कोंबडपाडा

चि. स्वाती,


काल दादाचा फोन आला होता. बोलता बोलता तो म्हणाला, की तू वर्गातल्या वाचनकोपऱ्यातली काही पुस्तकं उचलून कपाटात बंद केलीस. कुणी पालक येऊन म्हणाले, मुलांच्या डोक्यात जातपात नि धर्म कशाला भरता. आणि तू म्हणालीस, खरं आहे, मुलं लहान आहेत, त्यांना यातलं काही कळत नाही. दादाला तो तुझा समजूतदारपणा वाटला. मला वाटला नाही. पुस्तकं हलवलीस याचं दुःख कमी. 'कळत नाही' हे तुझ्या तोंडून आलं, याने मी अस्वस्थ झाले आहे. दिवाळी उलटली की तालुक्यातल्या वीटभट्ट्या लागतील. भट्टीवरच्या भोंग्यांत, म्हणजे झोपड्यांत, राहायला आलेल्या कातकरी कुटुंबांची चार मुलं तुझ्या वर्गात येऊन बसतील आणि पावसाच्या तोंडावर निघून जातील. तेवढ्या दिवसांत त्यांतल्या एखाद्याला कुणी 'उंदीरखाऊ' म्हणालं, तर ते पोर कुणाच्या तोंडाकडे बघेल? मला एवढंच भय आहे, आणि या पत्रात मी पुन्हा पुन्हा तिथेच येणार आहे.

मुलांना कळत नाही, ही मोठ्या माणसांची सोय आहे. अमेरिकेत 1940च्या सुमारास केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने तीन ते सात वर्षांच्या 253 कृष्णवर्णीय मुलांसमोर गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. चांगली कोणती, वाईट कोणती, असं विचारलं. बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरवली. आणि तुझ्यासारखी कोणती, असं विचारल्यावर काही मुलं रडू लागली. शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या 1954च्या निकालात या अभ्यासाचा आधार घेतला गेला. तीन वर्षांच्या मुलाला हे कुणी धडा देऊन शिकवलं नव्हतं. आपल्याकडेही 'काळी आहे, पण नाकीडोळी नीटस' हे वाक्य मुली पाळण्यापासून ऐकतात. गोरं करायच्या त्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातला 'फेअर' जायला 2020 उजाडावं लागलं. आता तू म्हणशील, ठीक आहे, मुलांचा आत्मविश्वास वाढवू, भाषणं करायला लावू, बक्षिसं देऊ. पण आत्मविश्वास असा वरून लावता येत नाही. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशात शाळकरी मुलांना भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती, तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांच्या कामगिरीत म्हणावा असा फरक नव्हता. सगळ्यांसमोर नाव, बापाचं नाव आणि जात वाचून दाखवल्यावर दलित मुलांची कामगिरी घसरली. बुद्धी तीच, कोडी तीच. बदललं इतकंच, की आपल्याला इथे काय समजतात हे त्या पोरांना आठवलं. शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना वर्गात मोठ्याने जात विचारू नकोस, हे मी तुला जाता जाता इथेच सांगून ठेवते.

मग पुस्तकाने काय होतं? 'तोत्तोचान' तुझ्याकडे आहे. चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या मराठी अनुवादाची ती प्रत मीच तुला दिली होती. त्यातला मासाओ आठव. त्या कोरियन मुलाला येताजाता 'कोरियन' म्हणून हिणवतात, म्हणून ती शिवीच आहे असं समजून तो तोच शब्द तोत्तोचानवर फेकतो. अपमान लहान मुलाच्या आत शिरून कसा बसतो, ते कुठल्याही व्याख्यानापेक्षा त्या दोन पानांत जास्त कळतं. 'मिनी पाकिस्तान' हे शब्द आपल्या गावाने कमी ऐकले आहेत का? ते निजामपुऱ्यातली मुलं ऐकतात, पद्मानगरातली तेलुगू पोरं वेगळं काही ऐकतात, कारखान्याच्या चाळीतली 'भैया' ऐकतात. आणि मासाओसारखीच ती पोरं एकमेकांवर तेच फेकतात. ज्याला हे बोललं जातं, त्याच्या मनात पहिला विचार येतो तो असा, की माझ्यातच काहीतरी खोट आहे. दुसऱ्या एखाद्या मुलाशी हेच घडलं होतं आणि खोट तसं बोलणाऱ्यात होती, हे त्याला पुस्तकातून कळतं. शिक्षक वर्गात नसताना, आई कामावर असताना, ते पोर एकटं पडत नाही.

मात्र पुस्तक कुठलंही चालत नाही. 'श्यामची आई'वर माझा किती जीव आहे ते तुला माहीत आहे. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या पुस्तकात आई श्यामला महार म्हातारीची मोळी उचलून द्यायला सांगते, आणि परतल्यावर आंघोळ करायलाही सांगते. त्या काळाच्या मानाने ते धाडस होतं, आणि त्याच साने गुरुजींनी 1947 साली पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून प्राण पणाला लावले. पण वाचणारं मूल त्या म्हातारीचा नातू असेल, तर त्याने त्या प्रसंगात उभं कुठे राहायचं? दया करणारा श्याम तो होऊ शकत नाही. त्याच्या वाट्याला मोळी येते आणि आंघोळ येते. रुडिन सिम्स बिशप या अभ्यासक बाईंनी 1990 साली म्हटलं, की मुलांसाठी पुस्तक आरसाही असायला हवं आणि खिडकीही. त्याआधी 1965 साली नॅन्सी लॅरिक यांनी अमेरिकेतली तीन वर्षांतली पाच हजारांवर बालपुस्तकं तपासली, तर जेमतेम पावणेसात टक्क्यांत कृष्णवर्णीय माणूस चित्रात किंवा मजकुरात सापडला. आपल्या मराठी बालपुस्तकांत कातकऱ्याचं, विणकर मोमिनाचं, पद्मशाली घरातलं पोर किती वेळा नायक होतं, ते तूच कपाट उघडून मोज. तुझ्या वयात माझ्या हाती अशी पुस्तकं आलीच नाहीत. त्याची खंत या उतारवयात फार टोचते. तुझ्या हाती ती आली आणि तू त्यांना कुलूप लावलंस, म्हणून इतकं बोलते आहे.

आता तुझा मोठा आक्षेप. हे भिवंडी आहे, इथे 1970 आणि 1984च्या दंगली झाल्या आहेत, मुलांना मुलं म्हणून एक राहू द्यावं, भेदाचं नावच काढू नये. आक्षेप प्रामाणिक आहे, पण या गावाचाच अनुभव त्याच्या उलट आहे. 1992-93 साली मुंबई पेटली आणि भिवंडी शांत राहिली. पोलीस उपायुक्त म्हणून इथे आलेल्या सुरेश खोपडे यांनी त्याआधीच मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. हिंदू आणि मुसलमान अशा दोन्ही समाजांची माणसं आपापली ओळख घेऊन एकत्र बसत, गाऱ्हाणी बोलून दाखवत. विषय टाळल्याने नव्हे, वेळेवर बोलल्याने ती शांतता आली. मुलांचंही तसंच असतं. लिंडसी कॅमेरॉन आणि सहकाऱ्यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच ते अकरा वर्षांच्या इंग्रज मुलांना सहा आठवडे निर्वासित मुलांशी मैत्रीच्या गोष्टी वाचून दाखवल्या होत्या. ज्या गोष्टींत हा निर्वासित आहे आणि आपल्याच शाळेचाही आहे, ही दोन्ही नाती स्पष्ट होती, त्यांनी मुलांची मनं सगळ्यांत जास्त बदलली. ओळख पुसून सांगितलेल्या मैत्रीच्या गोष्टी तितक्या परिणामकारक ठरल्या नाहीत. म्हणजे 'आपण सगळे सारखेच' असं म्हणून विषय संपवलास, तर भट्टीवरच्या पोराला तू एवढंच सांगतेस की तुझं जे वेगळं आहे ते इथे बोलायचं नाही. मग ते एकटंच राहणार.

दुसरी शंका मला अधिक पटते: अशा गोष्टींनी त्या मुलाची जखमच उघडी पडली तर? पडू शकते, आणि ते बरंचसं वाचणाऱ्या बाईंच्या हातात आहे. गोष्ट वाचताना त्या मुलाकडे बघू नकोस. 'तुला कसं वाटतं सांग' असं त्याला उभं करून विचारू नकोस. नुसती दुःखाची पुस्तकं लावू नकोस. बाबासाहेबांनी आपल्या लहानपणीचा मसूर स्टेशनवरचा प्रसंग लिहिला आहे. नवे कपडे घालून वडिलांकडे निघालेली पोरं, जात कळताच पाठ फिरवणारा स्टेशनमास्तर, आणि दुप्पट भाडं देऊन स्वतः हाकलेली बैलगाडी. तो वाच, पण त्याच आठवड्यात मुक्ताबाई साळवे हिच्याबद्दलही सांग. जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतली ही चौदा वर्षांची मांग मुलगी. 1855 साली 'ज्ञानोदया'त तिचा निबंध छापून आला. अपमान सोसणारी मुलं लिहितातही, हे वर्गाला कळू दे. शिवाय माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांसारखी रोजच्या घरातली, खोड्यांची, हट्टांची पुस्तकंही हवीतच. एझरा जॅक कीट्सच्या 1962च्या चित्रपुस्तकात एक काळा मुलगा दिवसभर बर्फात खेळतो, बाकी काही घडत नाही. आणि तेवढंच पुष्कळ असतं. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर बऱ्याच गोष्टी मराठीत, उर्दूत, तेलुगूत फुकट मिळतात. एकच गोष्ट तीन लिप्यांत छापून भिंतीवर लाव, बघ मुलं कशी जमतात.

फार बोलले. इतकी मुलं, वरून येणारे कागद, त्यात पालकांची तक्रार. अशा वेळी कुलूप लावणं सोपं वाटतं, ते मला समजतं. तू घाबरून ते केलंस, मनाने नव्हे, हेही जाणते. ते पालक वाईट नसतील. त्यांनाही आपल्या मुलाची काळजीच आहे. त्यांना बोलव, त्यांच्यासमोरच एक गोष्ट वाच, मग काय म्हणतात ते ऐक. एकटीने बोलायचं धैर्य होत नसेल तर मला कळव, मी येते आणि तुझ्या शेजारी बसते. माझे गुडघे दुखतात म्हणून संकोच करू नकोस. तुझ्या शाळेकडे येणारी अंबाडीची एसटी मला अजून चढता येते. जेवणाची आबाळ करू नकोस, घसा जप. भट्टीवरची मुलं आली की त्यांची नावं मला लिहून पाठव. त्यांच्यासाठी दोन-तीन पुस्तकं मी बाजूला काढून ठेवली आहेत.

तुझी,
आत्या