बाळाची जेवणाची उंच खुर्ची : निवड आणि सुरक्षित वापर

बाळाला सहा महिने पूर्ण झाले, उष्टावण झाली की त्याला भरविताना बसवावयाचे कोठे, हा प्रश्न प्रत्येक घरात उभा राहतो. पूर्वी याचे उत्तर आईची मांडी किंवा आजीसमोरचा पाट हे होते. आता बीड, अंबाजोगाई, परळी येथील दुकानांतून जेवणाची उंच खुर्ची मिळू लागली आहे. पुण्या-मुंबईस नोकरीनिमित्त राहणारे मामा-काका ती भेट म्हणूनही पाठवितात. आमच्या बालरोग विभागात येणारे पालक या खुर्चीविषयी वारंवार विचारणा करीत असल्याने या वर्षीच्या अहवालात हा विषय घेतला आहे. आमचे सांगणे थोडक्यात असे की, खुर्ची ही सोय आहे, राखणदार नव्हे. बाळावरची नजर ती आपल्याऐवजी ठेवू शकत नाही.

खुर्चीत केव्हा बसवावे?

पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, त्यानंतर दुधासोबत वरचा आहार, असे जागतिक आरोग्य संघटना आणि भारत शासन या दोहोंचे मार्गदर्शन आहे. मात्र सहा महिने भरले एवढ्यावरून बाळ खुर्चीस योग्य झाले असे मानू नये. मान स्थिर हवी आणि थोड्या आधाराने पाठ सरळ ठेवून बसता यायला हवे. एका बाजूस कलंडणाऱ्या बाळाला उशा लावून खुर्चीत कोंबू नये. त्याच्यासाठी मांडीच उत्तम. आडवे निजवून भरविणे तर सर्वथा टाळावे, कारण त्यात ठसका लागून घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो.

धोका नेमका कोठे आहे?

बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे व जड असते. त्यामुळे उंचावरून पडताना ते बहुधा डोक्यावरच आपटते. पडण्याचे प्रकार साधारणतः तीन : बाळ खुर्चीतच उभे राहते, पुढील ताटलीखालून घसरून सरकते, किंवा पायांनी भिंतीला अथवा टेबलाला रेटा देऊन खुर्चीच उलटविते. पुढची ताटली बाळाला अडवून धरील, असा अनेकांचा समज असतो. ताटली ही अन्न ठेवण्यासाठी आहे. बाळाला धरून ठेवतो तो पट्टा. अमेरिकेत २०१९ पासून अशा खुर्च्यांना सक्तीचे सुरक्षा-मानक लागू आहे, आणि त्यातही खुर्चीचा स्थिरपणा व पट्टा यांच्या चाचण्यांना महत्त्व आहे.

खरेदी करताना काय पाहावे?

१. पायांचा पसारा बसण्याच्या जागेपेक्षा रुंद असावा. दुकानातच खुर्ची चारही बाजूंनी हलवून पाहावी. डुगडुगणारी घेऊ नये.
२. कमरेचा, दोन्ही खांद्यांवरचा आणि मांड्यांमधून जाणारा असा पट्टा असावा. मांड्यांमधला पट्टा नसेल तर बाळ खाली घसरते.
३. घडीची खुर्ची उघडल्यावर तिची कडी पक्की बसते का, हे पाहावे. चाके असल्यास त्यांना अडकण हवी.
४. फट, धारदार कड, सुटे स्क्रू किंवा निघणारे झाकण नसावे.
५. पाय टेकविण्यास फळी असावी. पाय लोंबकळत राहिले की बाळ स्थिर बसत नाही.

मोठ्या भावंडाची किंवा नातलगांकडची जुनी खुर्ची वापरण्यास हरकत नाही. परंतु पट्टा विरलेला अथवा बक्कल सैल असेल तर ती खुर्ची कोणास देऊही नये. व्यवहाराच्या भाषेत सांगावयाचे तर पैसे मोजावेत ते पट्ट्याला आणि पायांना. रंगीत चित्रांना आणि खुळखुळ्यांना नव्हे.

वापरताना

बसविताक्षणी पट्टा लावावा, मग ताटली. दाराची कडी वाजली, फोन आला, दूध उतू गेले, तरी बाळाला एकटे सोडू नये. जावेच लागले तर त्याला कडेवर घेऊन जावे. खुर्ची भिंत, टेबल, खिडकी, गॅस आणि विजेच्या तारा यांपासून दूर, सपाट जमिनीवर ठेवावी. बक्कल कसे उघडते, हे घरातील प्रत्येक मोठ्या माणसास ठाऊक असावे; घास अडकला तर तेथे क्षणाचाही विलंब परवडत नाही.

घास मऊ व लहान असावा. शेंगदाणे, फुटाणे, अखंड द्राक्षे, बोरे देऊ नयेत. संक्रांतीनंतरच्या बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, हलवा, उसाचे तुकडे, गोळ्या ओततात. हा आनंदाचा संस्कार अवश्य करावा, मात्र त्या वेळी बाळाच्या हाताकडे आणि तोंडाकडे एका व्यक्तीने सतत लक्ष ठेवावे.

घास अडकल्यावर बाळ जोराने खोकत असेल तर खोकू द्यावे. आवाज फुटत नसेल, ओठ निळे पडू लागले असतील, तर एक वर्षाखालील बाळाला बाहूवर पालथे, डोके खाली व आधार दिलेले असे धरून दोन्ही खांद्यांच्या मधोमध पाच थापा द्याव्यात. नंतर उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच वेळा दाब द्यावा, आणि हे आलटून-पालटून करावे. न दिसणारा घास बोटाने चाचपडून काढू नये, तो अधिक आत जातो. दुसऱ्याने त्वरित १०८ ला फोन करावा. ही रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून उपलब्ध आहे. ही कृती केवळ वाचून येत नाही. आमच्या परिचारिकांकडून ती बाहुलीवर शिकून घ्यावी.

बाळ पडलेच तर वारंवार उलटी, बेशुद्धी, झटके, अनावर झोप, कानानाकातून रक्त वा पाणी, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपचारांत वेळ न दवडता रुग्णालयात आणावे.

ज्यांच्या घरी खुर्ची नाही

आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. कोपीत खुर्ची कोठून येणार? त्या मातांस आम्ही आवर्जून सांगतो की, यात बाळाचे काहीही अडत नाही. मांडीवर सरळ बसवून, त्याच्या डोळ्यांत पाहून, न घाईने भरविलेला घास हा कोणत्याही खुर्चीतल्या घासाइतकाच उत्तम. जमिनीवर बसलेले बाळ उंचावरून पडत नाही. तेथे काळजी घ्यावयाची ती चुलीची, उकळत्या पाण्याची आणि कोयत्याची.

चाकांच्या वॉकरविषयी मात्र आमचा सल्ला निश्चित आहे : घेऊ नये. त्याने बाळ लवकर चालू लागत नाही. उलट क्षणार्धात पायऱ्यांपाशी किंवा चुलीपाशी पोहोचते. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. ज्याला धरून बाळ स्वतःच्या पायांवर उभे राहते तो आपला लाकडी पांगुळगाडा त्याहून बरा, अर्थात मोठ्यांच्या देखत.

देणगीदार बंधु-भगिनींस नम्र विनंती की, बालकांसाठी खुर्च्या भेट द्यावयाच्या झाल्यास संख्या कमी असली तरी चालेल, पण प्रत्येक खुर्चीचा पट्टा पक्का असावा. आणि या लेखातील सूचना आपल्या घरातील, शेजारच्या व शेतावरील मातांना वाचून दाखवाव्यात. एका बाळाची दुखापत टळली तरी ती आपली देणगीच आम्ही मानू.