पँगाँगची रात्र

चि. ओंकार,


ताई-भाऊजींना लडाख दाखवायचं तू मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. एजंटने दिलेला कार्यक्रम काल नीट वाचला. हॉटेलं चांगली दिसतात, दरही अवाजवी नाही. पण अ‍ॅडव्हान्स इतक्यात भरू नकोस.

आधी पेन घे आणि प्रत्येक मुक्कामापुढे त्या जागेची उंची लिही. पहिली रात्र लेह, ३५०० मीटर, तेही दिल्लीहून थेट विमानाने. दुसऱ्याच दिवशी खारदुंगला ओलांडून नुब्रात हुंडर, ३१०० च्या आसपास. तिसरी रात्र पँगाँगच्या काठी तंबूत, जवळजवळ ४२५०. म्हणजे एका दिवसात हजार मीटरहून जास्त चढायचं आणि तिथेच झोपायचं! ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, असं डॉक्टर सांगतात. दिवसा खिंड ओलांडून खाली उतरणं वेगळं, वर रात्र काढणं वेगळं. विरळ हवेचा त्रास वय बघून होत नाही, रोज व्यायाम करणारी धडधाकट मुलंही तिथे आडवी होतात.

एजंटला बोल लावू नकोस. सहा दिवसांत सगळं बघायचंय असं गिऱ्हाईकच म्हणतं, मग तो बसवून देतो. तू त्याला स्पष्ट सांग: लेहमध्ये पहिले दोन दिवस पूर्ण आराम, शांतिस्तूपाच्या पायऱ्यासुद्धा नकोत, पँगाँग लेहहूनच एका दिवसात करून परत. पहाटे निघावं लागेल, प्रवास लांबेल, पण रात्री सगळे लेहमध्ये असतील. सुट्टी वाढवता आली तर श्रीनगरहून कारगिलमार्गे जा. कारगिल २७०० मीटरवर आहे, शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. मला तरी हाच रस्ता पसंत आहे.

गाडीत ऑक्सिजनचा सिलिंडर आहे का, हवामानामुळे लेहचं विमान रद्द झालं तर जादा मुक्कामाचा खर्च कुणाचा, हे लेखी घे. ‘किंवा तत्सम हॉटेल’ असं लिहिलं असेल तिथे नाव मागून घे. तुमच्यापैकी एकाचं तरी पोस्टपेड सिम हवं, बाहेरची प्रीपेड तिथे चालत नाहीत.

भाऊजींची बीपीची गोळी चालू आहे, म्हणून विरळ हवेच्या त्रासावरची डायमॉक्स घ्यायची का हे त्यांच्या डॉक्टरांनाच विचार, दुकानातून परस्पर आणू नकोस. आणि हे ताईलाही वाचून दाखव: डोकं दुखतंय, मळमळतंय, तर त्या दिवशी आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जायला लागला, तर सकाळची वाट न बघता लगेच खाली उतरायचं आणि दवाखाना गाठायचा. दुखणं लपवायची भाऊजींना सवय आहे, म्हणून रोज रात्री तूच विचारत जा.

सुधारलेला कार्यक्रम आला की मला पाठव, मग पैसे भर.

तुझी,
मावशी