सायकलचा गियर आणि मोटारचा जोर

तुकोबांची पालखी पाटस सोडून बारामतीकडे निघाली की वाटेत रोटी घाट लागतो. तिथे रथाला जास्तीच्या बैलजोड्या जोडतात. चढ आला की जोर वाढवायचा, हा एक उपाय. दुसरा उपाय गियरचा. जोर तेवढाच ठेवून वेग कमी करायचा आणि ओढ वाढवायची. १९७२ साली आलेल्या लूनाकडे हा दुसरा उपाय नव्हता. एकच गियर, म्हणून चढावर पायडल मारून मदत करावी लागे.

मग सायकलच्या चाकातला गियर-हब मोटारला जोडला तर? मित्रांनो, सुट्टीत आम्ही हेच केलं. जुन्या सायकलचं तीन गियरचं हब, त्याला चेनने २५० वॅटची मोटार. घाटाच्या चढाला गियर बदलला, आतून ‘खाड्’ असा आवाज आला आणि मोटार फिरतेय पण चाक ढिम्म!

हब उघडल्यावर आत चक्क ग्रहमाला दिसते. उदाहरणार्थ स्टर्मी-आर्चरचं प्रसिद्ध ‘ए डब्ल्यू’ हब घ्या. मधल्या स्थिर सूर्य-गियरला २० दाते, भोवती ग्रह-गियर, बाहेरच्या रिंगला ६० दाते. चेनने रिंग फिरवून ग्रहांच्या पिंजऱ्याकडून चाक फिरवलं तर ६० भागिले ८०, म्हणजे ०.७५. हा चढाचा गियर. उलट केलं तर १.३३. सरळ जोडलं तर १.

आता हिशोब करू. ६० किलोचा माणूस १७ सेंमीच्या क्रँकवर उभा राहिला तर टॉर्क सुमारे १०० न्यूटन-मीटर. पुढे ४४ आणि मागे १८ दाते धरले तर हबला ४१ आणि चढाच्या गियरमध्ये चाकाला ५५ मिळतात. २५० वॅटची मोटार ताशी ८ किमी वेगाला २६ इंची चाकाला जेमतेम ३७ देते. म्हणजे मोटार माणसापेक्षा कमीच! मग हब तुटलं कसं?

कारण गियर बदलताना आपण नकळत पाय सैल सोडतो. मोटार सोडत नाही. शिवाय जुन्या ‘ए डब्ल्यू’मध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गियरच्या मध्ये एक न्यूट्रल जागा असते. तिथे लोड गेला की मोटार क्षणात सुसाट पळते आणि पुढचा गियर अडकताच सगळा दणका छोट्याशा क्लचवर बसतो. चूक हबची नव्हती, आमची होती.

उपाय दोन. पहिला स्वस्त आहे. ब्रेक दाबल्यावर मोटार बंद करणारा स्विच मिळतो, तसाच गियरच्या खटक्याला लावायचा. दुसरा उपाय म्हणजे हब चाकात न ठेवता मोटार आणि चाक यांच्या मध्ये बसवायचं आणि चाकाच्या तिप्पट वेगाने फिरवायचं. पॉवर तीच, त्यामुळे हबवरचा टॉर्क एक तृतीयांश. एक चेन आणि थोडं वजन वाढतं. १९१० च्या सुमारास मोटारसायकलींच्याही मागच्या चाकात तीन गियरची हब असत. पुढे गियरबॉक्स चाकातून निघून मध्ये आला.

आम्ही दुसऱ्या हबला स्विच लावला. घाट हळूहळू चढलो, पण न उतरता चढलो. २५० वॅटच्या आतल्या आणि ताशी २५ किमीच्या आतल्या सायकलला रजिस्ट्रेशन लागत नाही. त्यापुढे बैलजोड्या वाढवल्या की आरटीओ आलाच. म्हणून प्रोजेक्ट करणाऱ्यांनी आधी स्विच लावावा, मग घाट गाठावा.