सोमवार ते शनिवारची खोली

तुला रांजणगावच्या एमआयडीसीत काम लागलं आणि तुझ्या बहिणीला कुरकुंभला. दोघंही आठवडाभर तिकडं राहणार, सुटीला घरी येणार. फार बरं वाटलं बघ. पण पिशवी उचलायच्या आधी जरा बस, मोबाइल पालथा ठेव आणि ऐक.

१. पहिल्याच दिवशी खोली ठरवायची घाई करू नकोस. आधी आपल्या लाइनवरच्या जुन्या पोरांना विचार — कुठल्या चाळीत पाणी येतं आणि कुठला मालक डिपॉझिट परत देतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

२. तोवर चार रात्री ओळखीपाळखीच्या घरी काढ. रांजणगावात महागणपतीमुळं रात्रीपुरती खोली मिळते, पण संकष्टी-अंगारकीच्या आसपास त्या भरवशावर राहू नकोस — भाविकांची गर्दी तुझ्या आधी पोचलेली असते.

३. खोलीच्या आधी कंपनीच्या बसचा थांबा बघ. कारेगाव, ढोकसांगवी ही गावं एमआयडीसीला खेटून आहेत; शिरूर लांब पडतं, पण तिथं बाजारपेठ, दवाखाने, एसटी स्टँड सगळं आहे. बस शिरूरला येत असेल तर खुशाल तिथं राहा, नसेल तर नको — पहाटेच्या शिफ्टला वडाप मिळेलच असं नाही.

४. भाडं, लाइटबिल, पिण्याच्या पाण्याचे जार, मेस आणि जाण्यायेण्याचा खर्च एकाखाली एक लिहून बेरीज कर. भाडं हलकं म्हणून खोली स्वस्त नव्हे — पाचशे रुपये वाचवून लांब राहिलास की ते पेट्रोलात जातात, वर झोप जाते ती वेगळीच.

५. खोली बघायला दुपारी जाऊ नकोस, शिफ्ट सुटल्यावर जा. त्या वेळी सगळी चाळ नळावर असते. तूही नळ सोड, खाली बादली ठेव आणि ती भरेपर्यंत तिथंच उभा राहा. पाण्याला धार आहे की नुसती सुतळी, ते दिसेल. बोअरचं आहे की गावच्या योजनेचं, ते शेजारची बाई सांगेल. शिरूर तालुक्यातल्या काही गावांना उन्हाळा जड जातो, म्हणून टँकर आला तर पैसे कोण देणार, हे जानेवारीतच विचारून ठेव. नळ सांगतो ते मालक सांगत नाही.

६. बहिणीला सांग, कुरकुंभच्या वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. अगदी भिंतीला लागून खोली घ्यायची तर आधी एकदा रात्री तिथं जाऊन यावं — वास बहुधा दिवसा जाणवत नाही. माझं मत विचारशील तर तिनं दौंड गावात राहावं. रेल्वेचं जंक्शन असल्यानं तिथं रात्री-अपरात्रीही जाग असते.

७. दौंडला रेल्वेनं जायचं तर तिकिटावरचं स्टेशन नीट वाचायचं. अहिल्यानगरकडून पुण्याला जाणाऱ्या काही गाड्या जंक्शनात येतच नाहीत, गावाबाहेरच्या ‘दौंड कॉर्ड लाइन’वर थांबून पुढं जातात — रात्री तिथं उतरलं की रिक्षा शोधत बसावं लागतं.

८. आणि रेल्वेचा पास जमतो का, तेही बघून घ्या. मासिक पास 150 किलोमीटरपर्यंत मिळतो. दौंडपासून पुणे, बारामती, अहिल्यानगर त्यात बसतात, सोलापूर नाही. गाडीची वेळ आणि शिफ्टची वेळ जुळली तर खोलीचं भाडंच वाचलं. बहिणीला एसटीत 2023 पासून अर्धं तिकीट आहे, तेही हिशेबात धर.

९. करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदलेलाच हवा. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणं लेखी करार करून नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. मालक ‘कशाला ती भानगड’ म्हणाला तर हसतच म्हण, ‘काका, तुमच्याच भल्याचं आहे’ — कारण नोंदलेला करार नसेल, तर उलट काही सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायला मालकानं आधार कार्ड मागितलं तर कुरकुरू नकोस.

१०. डिपॉझिट रोख द्यायचं नाही, खात्यावर पाठवायचं. सबमीटरचा फोटो पहिल्या दिवशीच काढ आणि युनिटचा दर विचारून करारात लिहून घे — महिनाअखेरीचं भांडण तिथंच मिटतं.

११. खोलीत जोडीदार घेणार असशील तर आधी त्याची शिफ्ट विचार, गाव नंतर. एक रात्रपाळीला आणि एक पहिल्या शिफ्टला असेल तर जागा ऐसपैस मिळते, पण दिवसा झोपणाऱ्याची झोप जपावी लागते.

१२. हे मात्र कान उघडे ठेवून ऐक. शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो आणि तिथल्या उसात बिबटे आहेत. माणसं दगावली आहेत तिथं. दुसऱ्या शिफ्टनंतर उसाच्या कडेनं एकट्यानं चालत यायचं नाही. दोघं-तिघं मिळून, हातात बॅटरी, मोबाइलवर मोठ्यानं गाणं — माणसाची चाहूल लागली की बिबट्या बहुधा बाजूला होतो. उघड्यावर वाकून बसायचं नाही. ऊसतोड सुरू झाली की जास्तच जपायचं, कारण त्याचा आडोसा मोडतो. खोली रस्त्यालगत, दिव्याखाली मिळाली तर शंभर-दोनशे जास्त मोज.

१३. शनिवारी निघताना गॅसचा रेग्युलेटर बंद, ओला कचरा बाहेर, नळाची तोटी घट्ट — लाइट गेल्यावर सोडलेला नळ तसाच राहतो आणि सोमवारी गादी भिजलेली मिळते. शेजारच्या काकूंना ‘येतो’ म्हणून जा. शेजार राखला, निम्मं कुलूप राखलं.

१४. 1 जानेवारीला कोरेगाव भीमाला लाखो लोक अभिवादनाला येतात, त्यामुळं नगर रस्त्यावरची वाहतूक वळवतात. त्या दिवशी पुण्याकडं काम काढू नकोस. जावंच लागलं तर शिरूरहून न्हावरे, केडगाव-चौफुला करून सोलापूर रस्त्यानं जा.

१५. खोली ठरली की पत्ता, मालकाचा आणि शेजाऱ्यांचा नंबर कागदावर लिहून आईजवळ दे. मोबाइल बंद पडला तरी तुला कुठं शोधायचं, हे घरात कुणाला तरी माहीत असू दे. पहिल्या सुटीला येशील तेव्हा तो कागद आण आणि मलाही एक प्रत दे.