भिंतीच्या आत काय जातं ते आधी बघा

काटकसरीने राहणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: वस्तू एकदाच घ्यावी, पण चांगली घ्यावी. ऐकायला बरा वाटतो. पण प्रत्येक वस्तू चांगली घ्यायची म्हटलं तर महिन्याच्या वीस तारखेलाच पाकीट रिकामं होतं, हे सल्ला देणारा सांगत नाही. आमच्या घरी पगार दोन होते, तरी घराचा हप्ता, सासूबाईंची औषधं आणि मुलांच्या फिया भागवून उरायचं ते बेताचंच. त्यामुळे कुठे हात सैल सोडायचा आणि कुठे स्वस्तावर भागवायचं, याचा हिशेब मला बसवावा लागला. तो बसला सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये, आणि शिकवणी महागात पडली.

जुनं बाथरूम फोडून नवं करायचं ठरलं. काम मटेरियलसकट अंगावर दिलं होतं. टाइल्स आम्ही निवडल्या, नळ निवडले, आरशावरून तर घरात दोन दिवस वाद चालला. पाइप आणि फिटिंगची चौकशी कुणीच केली नाही; ते भिंतीत जाणार होतं, दिसणार कुणाला? पुढे काही वर्षं सगळं सुरळीत. मग एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या. भांडायला नाही. म्हणाल्या, "अहो, आमच्या छताचे पोपडे पडतायत. एकदा खाली येऊन बघता का?"

भिंत फोडल्यावर दोष सापडला तो गिझरच्या नळामागच्या एल्बोत. प्लंबरने तो काढून माझ्या हातावर ठेवला. तिथे पितळी आट्यांचा एल्बो हवा होता, बसवला होता साधा, प्लास्टिकच्या आट्यांचा. नळावरच्या टेफ्लॉन टेपचे तुकडे त्याच्या आत अडकलेले होते, आणि कडेला, नखाने चाचपली तरच लागावी अशी केसाएवढी चीर. नळ आवळला की प्लास्टिकवर ताण येतो. त्यात रोज गरम पाणी, मग गार, पुन्हा गरम. चीर पडायला वर्षं लागतात, पण पडते. साध्या आणि पितळी एल्बोत शंभरएक रुपयांचा फरक. अशा जागा आमच्याकडे सहा. म्हणजे वाचले सहाशे रुपये, तेही आमचे नाहीत, काम घेणाऱ्याचे!

दुरुस्तीचा खर्च ऐका. टाइल्स फोडणं, राडारोडा खाली उतरवणं, प्लंबर आणि गवंड्याची मजुरी. जुन्या डिझाइनच्या टाइल्स बाजारात मिळेनात, म्हणून अख्खी भिंत नव्याने. वर वहिनींच्या छताचं प्लास्टर आणि रंग. सगळं मिळून पंचवीस हजारांच्या पुढे गेलं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, आणि इथे मसाल्यातला मोठा वाटा मजुरीचा होता. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. जपून भरलेल्या टाकीतलं पाणी महिनोन्‌महिने भिंतीत मुरत होतं, हे दुखणं आणखी वेगळं.

तेव्हापासून मी दुकानात वस्तूची किंमत नंतर बघते. आधी विचारते, ही बिघडली तर बदलायला काय लागेल? बादली फुटली तर दुसरी आणायची. पडदा विटला तर उतरवायचा. मुलांचे बूट तर फाटण्याआधीच आखूड होतात, त्यात भारीपणा कशाला? अशा वस्तू मी आजही बिनदिक्कत स्वस्तातल्या घेते. पण जी वस्तू बदलायला गवंडी, प्लंबर किंवा वायरमन बोलवावा लागतो, काही फोडावं लागतं, तिथे वस्तूच्या किमतीपेक्षा मजुरी जास्त असते, आणि ती दुसऱ्यांदाही तेवढीच द्यावी लागते. तिथे चांगलंच घ्यायचं.

वायरिंगचंही तसंच. दिव्या-पंख्यांना दीड स्क्वेअर एमएमची वायर पुरते, पण १६ अँपिअरच्या सॉकेटला अडीचची आणि गिझर किंवा एसीला चारची लागते. बारीक वायरीवर जास्त भार पडला की ती भिंतीत तापत राहते. प्लंबिंगमधली चूक ओल येऊन निदान कळते तरी. वायरीतली चूक कधीकधी आगच कळवते. तेव्हा वायरची बंडलं डोळ्यांसमोर फोडून घ्या, आणि कोणत्या सॉकेटला कोणती गेली ते विचारा. वायरमन वैतागतो. वैतागू द्या.

अंगाशी किंवा जिवाशी गाठ असलेल्या वस्तूंत तर घासाघीस नकोच. गॅसची नळी, कुकर, हेल्मेट. कुकर आणि दुचाकीचं हेल्मेट यांच्यावर २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, तरी रस्त्याकडेला तीन-चारशे रुपयांत हेल्मेटं मिळतातच. पोलिसाला दाखवायला ती पुरतात, डोक्याला नाही. शिक्का नुसता छापलेला असून भागत नाही. खऱ्या चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो (कुकरला आयएस २३४७, हेल्मेटला आयएस ४१५१) आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो मोबाइलवरच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे की नाही ते कळतं. गॅसच्या नारिंगी सुरक्षा नळीचं आयुष्य पाच वर्षं. आपल्या नळीवरची तारीख आजच बघून या, लेख कुठे जात नाही.

याची दुसरी बाजू म्हणजे माझे एक नातेवाईक. त्यांच्या घरी सगळंच उंची, आणि प्रत्येक खरेदीला एकच उत्तर: "क्वालिटी आहे." पण जास्त किंमत म्हणजे चांगला माल, असं नसतं. नळाच्या किमतीत चकाकी आणि डिझाइन बरंच असतं; त्याचं आयुष्य ठरतं ते आतल्या कार्ट्रिजवर आणि त्याचा सुटा भाग पाच वर्षांनी मिळतो का यावर. दुकानदाराला मी एवढंच विचारते, "याचं कार्ट्रिज वेगळं मिळतं का? आत्ता दाखवा." दाखवता आलं तर मधल्या किमतीचा नळही चालतो.

आणि वापर किती, तेही बघायचं. आमच्या उन्हाळ्यात हॉलचा पंखा बंदच होत नाही. साधा पंखा साधारण ७५ वॅट खातो, बीएलडीसी ३० च्या आसपास. दिवसाला सोळा तास, वर्षातले नऊ महिने धरले तर १९० हून जास्त युनिट वाचतात. विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढतात, त्यामुळे वाचलेलं युनिट बिलातल्या सर्वांत महागड्या टप्प्यातून कमी होतं. युनिट दहा रुपयांचं धरलं तरी पंखा बाराशे-पंधराशेने महाग असल्याचं पहिल्या वर्षातच वसूल. पाहुण्यांच्या खोलीत मात्र मी जुनाच पंखा ठेवलाय. तो वर्षातून पंधरा दिवस फिरतो. तिथे ते पैसे कधीच फिटायचे नाहीत.

आता बाथरूमचं काम काढलेल्यांसाठी. अंगावर काम द्या, पण पाइप, एल्बो, वायर यांची कंपनी आणि प्रकार अंदाजपत्रकात लिहून घ्या, आणि बिलं मागा. गरम पाण्याच्या लाइनला सीपीव्हीसीच हवा, साधा पीव्हीसी नाही. टाइल्स लावण्याआधी पंप लावून लाइनला प्रेशर द्यायला सांगा आणि रात्रभर काटा उतरत नाही ना ते बघा. वॉटरप्रूफिंग झालं की फरशी बसवण्याआधी खाली पाणी तुंबवून दोन दिवस ठेवा आणि खालच्या घरात जाऊन छत बघा. गवंड्याला घाई असते, तो म्हणेल गरज नाही. शेवटी, प्लास्टरआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, बाजूला टेप धरून. पुढे खिळा ठोकताना पाइप कुठून गेलाय ते शोधावं लागत नाही.

पैसे कमी पडले तर आतलं आत्ता करा, बाहेरचं दिवाळीला. आरसा, शॉवर, टॉवेलचा रॉड यांना कसली घाई? दुरुस्तीनंतर आम्ही शॉवरच्या पॉइंटला प्लग मारून टाकला, तो बरेच दिवस तसाच होता. बादली-तांब्यावर कुणाची अंघोळ अडली नाही.