स्मृतीचे दार उघडताना

सांगलीजवळ, कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर हरिपूर हे गाव आहे. हळद साठवण्याच्या जमिनीखालील पेवांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. पेवाचे तोंड उघडले की माणूस लगेच आत उतरत नाही. आतल्या कोंडलेल्या हवेत ऑक्सिजन कमी असू शकतो. आधी हवा खेळू द्यायची, मग उतरायचे आणि काम संपल्यावर तोंड पुन्हा नीट बंद करायचे. म्हणजे ‘उघडणे’ ही एकच क्रिया नसून तो एक क्रम आहे. संगणकातही असेच असते. कसे ते पाहू या.

लिनक्स या संगणक-प्रणालीची सुरुवात फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये केली. तिच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. कर्नेलमधील फाइल-व्यवस्था हा भाग कोणता मजकूर कोठे ठेवला आहे याचा हिशेब सांभाळतो. मात्र त्यासाठी साठवणीचे उपकरण आधी उघडावे लागते. मग ते चुंबकीय तबकडीचे असो, फ्लॅश स्मृतीचे असो, की वीज गेली तरी माहिती टिकवणाऱ्या स्मृतीचे असो.

एक्सएफएस नावाच्या फाइल-व्यवस्थेला एका वेळी तीन उपकरणे लागू शकतात : मुख्य साठा, फेरफारांची नोंदवही आणि वेळेवर मिळायलाच हवी अशा माहितीचा साठा. उपकरण उघडताना कर्नेल त्यावर ताबा नोंदवते, म्हणजे दुसऱ्या कोणाला त्यावर हक्क सांगता येत नाही.

आता समजा, पहिली दोन उपकरणे उघडली, पण तिसरे उघडेना. काम सोडून द्यावे लागेल. परंतु नुसते परत फिरलो तर पहिल्या दोन उपकरणांवरचा ताबा तसाच राहील. पुढच्या प्रयत्नाला कर्नेल उत्तर देईल : उणे १६. लिनक्समध्ये या आकड्याचा अर्थ ‘उपकरण व्यस्त आहे’ असा होतो. वास्तविक ते कोणीच वापरत नसते! कोयना परिसरातील भूकंपाच्या नोंदी अशा उपकरणात असतील, तर त्या सुखरूप असूनही ऐनवेळी हाती लागणार नाहीत.

ही चूक चाचणीत का सापडत नाही? कारण चाचणीच्या वेळी बहुधा तिन्ही उपकरणे ठीक असतात. अपयशाची वाट क्वचितच चालली जाते. म्हणून लिनक्समध्ये एकाने लिहिलेला बदल दुसऱ्याने वाचून तपासण्याची पद्धत आहे. परीक्षक प्रामुख्याने तीन प्रश्न विचारतो.

१. उघडण्याचे उत्तर नीट तपासले का? कर्नेलमधील कित्येक कार्ये यश आल्यास उपकरणाचा पत्ता देतात आणि अपयश आल्यास पत्त्याच्या वेषात चुकीचा आकडा देतात. त्यासाठी पत्त्यांच्या शेवटच्या टोकाच्या ४०९५ किमती राखून ठेवल्या आहेत. ‘उत्तर शून्य आहे का?’ एवढेच पाहिले तर उणे १६ हा खरा पत्ता वाटेल आणि कर्नेल भलत्याच जागी हात घालील.

२. अपयश आल्यास आधी उघडलेले सर्व बंद होते का? नियम सोपा आहे : ज्या क्रमाने उघडले, त्याच्या उलट क्रमाने बंद करा.

३. एकच उपकरण दोनदा बंद होत नाही ना? तसे झाले तर दुसऱ्याच्या हातातले उपकरण काढून घेतल्यासारखे होईल.

एक उदाहरण सोडवा. पहिलेच उपकरण उघडले नाही, तर बंद करायची उपकरणे ०; दुसरे उघडले नाही, तर १; तिसरे उघडले नाही, तर २. आता तिन्ही उघडली, पण पुढच्या कामाला लागणारी स्मृती मिळाली नाही, तर किती? (उत्तर : ३.) चारही वाटा कागदावर काढा आणि प्रत्येक वाटेवर उघडणे व बंद करणे यांची संख्या जुळते का ते पाहा. परीक्षकही मुळात हेच करतो.

लिनक्सचा मूळ मजकूर कोणालाही वाचायला खुला आहे. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात लिनक्स वापरणाऱ्या विद्यार्थ्यांचा गटही आहे. सातारा-सांगलीच्या शाळेतील मुलगा किंवा मुलगीही हा मजकूर उघडून अपयशाच्या वाटा शोधू शकेल. त्याला महागडे यंत्र लागत नाही. कागद, पेन्सिल आणि ‘येथे बिघडले तर?’ हा प्रश्न पुरे.