वजा करण्यापूर्वी बेरीज : संवेदी अडचणी असलेल्या बालकाचा आहार



वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांसोबत एखादा आरोग्यविषयक अभ्यासलेख द्यावा, असा आपल्या रुग्णालयाचा प्रघात आहे. यंदा ते काम विश्वस्त मंडळाने माझ्याकडे सोपविले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून माझे आयुष्य पावत्या, नोंदवह्या व ताळेबंद यांत गेले आहे. औषधोपचाराविषयी अधिकारवाणीने बोलण्याची माझी पात्रता नाही. तथापि या विषयात माझ्या हातून एक चूक होता होता टळली. ती प्रामाणिकपणे मांडली, तर देणगीदारांना आणि अशा बालकांच्या पालकांना तिचा उपयोग होईल, असे वाटल्याने हे धाडस केले. वैद्यकीय मजकूर आमच्या बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घेतला आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

बिलाच्या खिडकीवर आलेले कुटुंब

नालासोपाऱ्याचे एक गृहस्थ रक्ततपासणीचे पैसे हप्त्याने भरता येतील का, असे विचारावयास माझ्याकडे आले. सोबत पत्नी व चार वर्षांचा मुलगा होता. मुलाने दोन्ही हातांनी कान घट्ट झाकले होते. बाहेरच्या मार्गिकेत स्ट्रेचर ओढले जात होते आणि त्या चाकांचा आवाज त्याला सहन होत नव्हता. आईने सांगितले की घरी मिक्सर लावला, कुकरची शिट्टी झाली, की तो असाच कोपऱ्यात जातो. सदऱ्याच्या मानेकडील पट्टी टोचते म्हणून ती कापून टाकावी लागते. खाण्याचे पदार्थ मोजून चार होते : कोरडा पांढरा भात, कुरमुरे, एका ठरावीक वेष्टनातील बिस्किट आणि बाटलीतील दूध. भाताला वरणाचा थेंब लागला तरी ताट दूर ढकलले जाई.

‘दूध आणि गहू बंद करा, मूल शांत होईल’ असा सल्ला कुटुंबाला बाहेरून कोणीतरी दिला होता. त्याप्रमाणे दूध थांबले, बिस्किट थांबले, आणि त्यांच्या जागी महागडी भुकटी आली. मुलाने भुकटीला तोंड लावले नाही. दोन महिन्यांत त्याचे वजन घटले, आणि वडिलांच्या डोक्यावर उसनवारी झाली.

योगायोग असा की त्याच आठवड्यात माझ्या मेजावर एका प्रस्तावाचे टिपण तयार होते. एका उदार देणगीदारांनी ‘विशेष मुलांसाठी विशेष आहाराचे डबे’ देण्याची इच्छा प्रकट केली होती. मला तो प्रस्ताव फार आवडला होता. इतके डबे, इतकी मुले, इतका खर्च; हिशेब स्वच्छ आणि अहवालात छायाचित्रही छान. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी टिपण वाचून मला एकच विचारले : ज्याच्या ताटात चारच पदार्थ आहेत, त्यातून दोन वजा केले तर बाकी काय उरते? वाणिज्य शाखेच्या पदवीधराला हा प्रश्न दुसऱ्याने विचारावा लागला, याची मला लाज वाटली.

संवेदी अडचण म्हणजे काय?

डोळे, कान, नाक, जीभ व त्वचा ही पाच ज्ञानेंद्रिये आपण शाळेत शिकतो. त्याखेरीज शरीराचा तोल आणि हातापायांची स्थिती यांचीही जाणीव मेंदूकडे सतत जात असते. बहुतेकांच्या मेंदूत या सर्व जाणिवांची वर्गवारी आपोआप होते. काही बालकांत ती नीट होत नाही. एखादी जाणीव फार तीव्र वाटते, तर एखादी पुरेशी पोहोचतच नाही. अमेरिकेतील व्यवसायोपचार तज्ज्ञ जीन आयर्स यांनी या अडचणींचा पद्धतशीर अभ्यास करून १९७२ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम असलेल्या अनेक बालकांत या अडचणी आढळतात, आणि २०१३ पासून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत स्वमग्नतेच्या लक्षणांमध्ये त्यांचा समावेश आहे. मात्र अशी अडचण असलेले प्रत्येक मूल स्वमग्न असतेच असे नाही.

या मुलांची काळजी घेणारे व्यवसायोपचार, अर्थात ऑक्युपेशनल थेरपीचे शास्त्र आपल्याकडे नवे नाही. अमेरिकेत जन्मलेल्या आणि महाराष्ट्राच्या सून झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्याचे शिक्षण सुरू केले. विकासात अडचणी असलेल्या बालकांसाठी २००१ साली मुंबईत स्थापन झालेली ‘उम्मीद’ ही संस्थाही अनेक पालकांना परिचित आहे.

जेवण हे पाचही ज्ञानेंद्रियांचे एकत्र काम आहे. आपल्याला आमटी-भात हा एक साधा घास वाटतो. या बालकाला त्यात ओलसर व कोरडे, गरम व कोमट, हिंगाचा वास आणि दाताखाली अवचित येणारी मोहरी, असे सर्व एकदम सोसावे लागते. आपल्या वसईच्या घरात ताज्या मासळीचा किंवा सुक्या बोंबलाचा वास भूक चाळवतो. त्याच वासाने या बालकाला स्वयंपाकघराच्या दारातच उमासा येतो. हा हट्ट नाही व लाडावल्याचा परिणामही नाही. आईला दोष देणाऱ्या नातेवाइकांनी एवढे जरी ध्यानात घेतले, तरी निम्मे काम होईल.

आहार बदलल्याने ही अडचण जाते काय?

गव्हातील ग्लूटेन व दुधातील केसीन ही प्रथिने वगळण्याचा आहार जगभर प्रसिद्ध आहे. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने स्वमग्न मुलांसंदर्भात २००८ साली त्याचा आढावा घेतला. तेव्हा निकषांवर उतरलेले दोनच प्रयोग सापडले. दोन्ही मिळून केवळ ३५ सहभागी होते, आणि त्यावरून ठाम निष्कर्ष काढता आला नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर अमेरिकन प्रयोगात हा आहार घेणाऱ्या १४ बालकांना, कोणाला काय दिले हे पालकांना न कळू देता, ग्लूटेन व केसीन पुन्हा देऊन पाहिले. वर्तनात, झोपेत वा पोटाच्या तक्रारींत लक्षणीय फरक दिसला नाही. दुसरीकडे, २००८ मधील ७५ मुलग्यांच्या अभ्यासात स्वमग्न मुलग्यांच्या हाडांची जाडी अपेक्षेपेक्षा कमी आढळली, आणि केसीनविरहित आहारावरील मुलग्यांत ती उणीव अधिक होती. म्हणजे लाभ सिद्ध नाही, आणि दूध काढून त्याची भरपाई न केल्यास हानी संभवते.

खाद्यरंगांविषयी मात्र थोडे वेगळे सांगावे लागेल. २००७ साली इंग्लंडमधील साउथहॅम्प्टन येथील अभ्यासात काही कृत्रिम रंग व सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणाने काही मुलांचा चंचलपणा वाढल्याचे दिसले. त्यानंतर युरोपात २०१० पासून त्या सहा रंगांच्या पदार्थांवर सूचना छापणे बंधनकारक झाले. रंगीत सरबते व गोळ्या कमी केल्याने कोणत्याही मुलाचे नुकसान होत नाही. परंतु त्याने कान झाकणे थांबेल, अशी आशा धरू नये.

प्रथम तपासणी

आहारात बदल करण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांकडून पुढील गोष्टी पाहून घ्याव्यात.

१. वजन, उंची आणि दात. किडलेल्या दातामुळेही मूल चावण्याचे टाळते.

२. बद्धकोष्ठता व आम्लपित्त. ज्या मुलाला बोलून सांगता येत नाही, ते पोटातील दुखणे चिडचिडीतून व्यक्त करते.

३. हिमोग्लोबिन व लोह. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिने वयाच्या ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. दिवसभर दुधावर राहणाऱ्या मुलात हा धोका अधिक असतो. अशा वेळी दूध बंद न करता त्याचे प्रमाण व वेळ ठरवावी.

४. गव्हामुळे आतड्याला सूज येणाऱ्या सिलिअ‍ॅक आजाराची शंका असल्यास गहू चालू असतानाच रक्ततपासणी करावी. आधीच गहू सोडल्यास तपासणी फसवी ठरू शकते. हा आजार किंवा दुधाची अ‍ॅलर्जी सिद्ध झाली, तर तो पदार्थ वगळणे हाच उपचार होय. पण तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

घरी करावयाची बेरीज

आमच्याकडील व्यवसायोपचार तज्ज्ञांनी त्या मातेला प्रथम एक वही करावयास सांगितली. सात दिवस मुलाने काय खाल्ले, किती खाल्ले, तो पदार्थ कोरडा की ओला, कुरकुरीत की मऊ, गरम की गार, हे लिहावयाचे. आठवड्याअखेर वहीतून स्पष्ट झाले की मुलाला कोरडे, फिके आणि एकसारखे लागणारे पदार्थ चालतात. हे भांडवल हाती आल्यावर पुढील नियम ठरले.

१. जे पदार्थ मूल आज खाते, त्यांपैकी एकही काढू नये. दूध व बिस्किट पुन्हा सुरू झाले. मात्र दूध दिवसातून ठरावीक वेळी दोन वेळा, आणि हळूहळू बाटलीऐवजी पेल्यातून.

२. नवा पदार्थ जुन्याचा सख्खा शेजारी असावा. कुरमुऱ्यांनंतर भाजलेले पातळ पोहे, त्यानंतर तांदळाच्या भाकरीचा कडक पापुद्रा, मग त्याच पिठात चिमूटभर नाचणी. एका वेळी एकच बदल. वसईची केळी पौष्टिक खरी, पण पिकल्या केळ्याचा बुळबुळीत स्पर्श या मुलाला असह्य होता. म्हणून त्याला कच्च्या केळ्याचे कुरकुरीत काप दिले गेले. काट्याविना मासळीचा रव्यात तळलेला छोटा तुकडा फार पुढे आला.

३. पाहणे, ताटाशेजारी ठेवू देणे, बोट लावणे, हुंगणे, ओठाला लावणे, चाखून थुंकणे आणि गिळणे, या सर्व पायऱ्या आहेत. थुंकणे हीदेखील प्रगती समजावी. एखादा पदार्थ स्वीकारण्यापूर्वी तो दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो. क्वचित त्याहून अधिक.

४. जबरदस्ती करू नये, नाक दाबू नये, लाच देऊ नये. काय, केव्हा व कोठे द्यावयाचे हे मोठ्यांनी ठरवावे. खावे की नाही व किती, हे मुलावर सोपवावे.

५. आवडत्या पदार्थात औषध वा भाजी लपवू नये. एकदा फसवणूक कळली की मूल तो पदार्थही सोडते, आणि चाराचे तीन होतात.

६. जेवणाची जागा शांत ठेवावी. मिक्सर व फोडणी मूल बाहेर खेळत असताना उरकावी. पाय लोंबकळत न ठेवता टेकतील असे बसवावे.

७. भुईमूग, फुटाणे यांसारखे कडक दाणे लहान मुलांना अख्खे देऊ नयेत. ते घशात अडकू शकतात.

मूल एखादा पदार्थांचा गटच टाळत असेल, वजन वाढत नसेल किंवा गिळताना ठसका लागत असेल, तर घरचे प्रयोग थांबवून त्वरित तज्ज्ञांकडे यावे.

निष्पत्ती आणि आमचा धडा

आठ महिन्यांनंतर त्या मातेच्या वहीत चाराचे अकरा पदार्थ झाले. वजन पूर्ववत झाले, लोहाच्या औषधाने रक्त सुधारले आणि रात्रीची झोप बरी झाली. मात्र फलाटावर गाडीचा भोंगा वाजला की मुलगा आजही कान झाकतो. आहाराने ती अडचण गेली नाही, आणि जाईल असे आमच्यापैकी कोणी म्हटलेही नव्हते. त्यासाठी व्यवसायोपचार चालू आहे. परंतु त्या घरात आता जेवणाच्या वेळी रडारड होत नाही. आजी एकदा मला म्हणाल्या, “साहेब, नातवाने माझ्या हातची भाकरी खाल्ली. मला आणखी काय हवं?” नाचणी घातलेल्या भाकरीचा तो तुकडा नखाएवढाच होता.

मदत कोठे मिळेल, हेही पालकांनी जाणून घ्यावे. बालकांच्या तपासणीचा ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी देशात प्रथम आपल्या पालघर येथूनच सुरू झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. या कार्यक्रमात अंगणवाड्या व सरकारी शाळांतील मुलांची वैद्यकीय पथकांकडून विनामूल्य तपासणी होते, व त्यात विकासातील विलंबाचाही समावेश आहे. शंका असल्यास अंगणवाडी सेविकेला अवश्य सांगावे.

शेवटी देणगीदारांविषयी. डब्यांचा तो प्रस्ताव आम्ही मागे घेतला आणि देणगीदारांची भेट घेऊन कारण सांगितले. त्यांनी मोठ्या मनाने तीच रक्कम व्यवसायोपचार तज्ज्ञांचे मानधन व गरजू बालकांच्या तपासण्या यांसाठी वळविली. त्या कुटुंबाच्या रक्ततपासणीचे बिल त्यातूनच भरले गेले. डबा कपाटात दिसतो, त्याचे छायाचित्र काढता येते. तज्ज्ञाने मातेसमवेत जमिनीवर बसून घालविलेला एक तास ताळेबंदात ‘मानधन’ या एका ओळीत नाहीसा होतो. परंतु या वर्षी ती ओळ लिहिताना तिच्यामागे काय आहे, ते मला ठाऊक होते. आपल्यालाही ते ठाऊक असावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.



आपला नम्र,
प्रशासकीय अधिकारी